मऊ-कडक मूठ

लग्न झालं तेव्हा मी चिंचवडच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होतो आणि स्वतःला मोटारींतला जाणकार समजत होतो. पुण्याच्या रद्दीवाल्याकडून मोटारशर्यतींची जुनी विलायती मासिकं आणायची आणि कुणी न विचारता ऑफिसात सगळ्यांना चाकं, कमानी आणि वळणं यांवर ऐकवायचं, एवढीच काय ती जाणकारी. अशा माणसाने मोटार घेऊ नये. मी घेतली.

गाडी लहानशी, कापडी टपाची, पुष्कळ हात फिरून आलेली. इंजिन बरं होतं, पण शॉकअॅब्सॉर्बर पार गेलेले. भोसरीच्या पुढे एखाद्या खड्ड्यात चाक गेलं की गाडी त्यानंतर कितीतरी वेळ झोके घेत राही. बायकोला तिच्या मामांनी वाढवलेलं. चाकणजवळच्या एका वाडीत त्यांची कांद्याची शेती होती. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जायचो आणि पोचल्यावर बायको कुणाशी न बोलता ओट्यावर डोळे मिटून बसायची.

"गाडी लागते मला," ती एकदा म्हणाली, "का तुमचं चालवणं लागतं, ते कळत नाही. पण काहीतरी करा."

मी आमच्या मिस्त्रीला घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. हा मिस्त्री चिंचवड स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवायचा आणि माझी बडबड आवडीने ऐकणारा पंचक्रोशीत तोच एक होता. दुकानात शॉकअॅब्सॉर्बरचे दोन प्रकार मिळत होते. एक मऊ, डॉक्टर लोकांच्या गाड्यांना बसवतात तसा. दुसरा कडक. त्याने गाडी वळणावर कलत नाही, पण रस्त्यावरचा खडा न् खडा मोजून घ्यावा लागतो.

"मऊ घेतलं तर वहिनींना बरं," मिस्त्री म्हणाला. "कडक घेतलं तर तुम्हाला बरं."

मी विचारात पडलो, तसा दुकानदाराने आतून तिसराच ऐवज काढला. मोडीत निघालेल्या एका शर्यतीच्या गाडीचा होता म्हणे. कात्रीसारखे दोन दांडे, त्यांच्यामध्ये लाकडाच्या चकत्या. चकत्या आवळल्या की गाडी कडक, सैल सोडल्या की मऊ. आणि खाली वाकून आवळायची गरज नाही. तिथून एक तार निघून चालकापुढच्या मुठीला यायची. बसल्या जागी मूठ फिरवायची. मी आणि मिस्त्री त्या गंजक्या लोखंडाकडे एकाच नजरेने बघत होतो. त्याने असलं काही आयुष्यात बसवलेलं नव्हतं आणि मी फक्त चित्रात पाहिलेलं. दोघांनाही ते सांगावंसं वाटलं नाही.

घरी मी बायकोला समजावलं, "डावीकडे फिरवली की मऊ, उजवीकडे कडक. तू बरोबर असलीस की मऊ."

"एकाच गाडीत दोन्ही?"

"हीच तर त्यातली करामत."

"मग ती मूठ माझ्या बाजूला बसवा," ती म्हणाली.

शेवटी मूठ दोघांच्या मधोमध बसली आणि तिथून आमचं शीतयुद्ध सुरू झालं. मोकळा रस्ता दिसला की मी मूठ उजवीकडे नेई. मोशीचा उतार आला की तिचा हात पुढे येई आणि मूठ डावीकडे जाई. मामा परतीच्या वेळी दुधाची चरवी द्यायचे. ती बायकोच्या मांडीवर असायची आणि कडक मुठीवर किती दूध लुगड्यावर सांडलं हे ती मला घरी आल्यावर दाखवायची. मऊ मुठीवर थेंब सांडत नसे. मी म्हणायचो, बघ, यंत्र किती चोख आहे.

एका रविवारी मामांनाही चक्कर मारून आणलं. आधी मऊ.

"लई बेस," मामा म्हणाले. "पोटातलं पानी हाललं न्हाई."

मग मी मूठ फिरवली आणि गाडी जराशी पळवली.

"व्हय, आता आवळली. बुडाला कळतंय की."

मला धन्य वाटलं. मिस्त्रीसुद्धा अधूनमधून येऊन मडगार्डवर हात दाबायचा, मला मूठ फिरवायला लावायचा आणि मान डोलावून म्हणायचा, "हां साहेब, आता कडक."

पावसाळा संपल्यावर मी ग्रीस लावायला गाडीखाली शिरलो. मुठीची तार मागच्या चाकांपर्यंत गेलेलीच नव्हती. वाटेतच तुटून लोंबत होती. तुटलेल्या टोकावर गंज चढला होता आणि त्यावर चिखल वाळून दगड झाला होता. म्हणजे निदान सगळा पावसाळा तरी ती मूठ कशालाच जोडलेली नव्हती. चकत्या सैलच राहिल्या होत्या.

मी बराच वेळ खालीच पडून राहिलो. बाहेर आलो तर बायकोला सांगावं लागणार होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण दूध तर सांडायचं."

सांडणारच. मूठ उजवीकडे नेली की मी गाडी पळवायचो, डावीकडे आली की नाइलाजाने हळू चालवायचो.

"म्हणजे ती तार गाडीला नव्हती," ती म्हणाली, "तुम्हाला होती." आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

मिस्त्रीने "तुटली असेल कधीतरी" एवढंच म्हणून नवी तार घातली. मडगार्डवर हात मात्र ठेवला नाही. पुढच्या रविवारी मी भोसरी सोडली आणि मूठ ठासून उजवीकडे फिरवली. इतके दिवस ज्याच्या बढाया मारल्या, ते कडक मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. दात एकमेकांवर आपटू लागले. टोपी डोळ्यांवर आली. बायको दोन्ही हातांनी दार धरून बसली होती, पण मुठीला हात लावीना. माझ्याकडे बघत होती फक्त. एकदा मूठ डावीकडे नेली असती तर काही बिघडलं नसतं. पण ती बघत असताना कशी नेणार? मोशीचा पूल ओलांडल्यावर एका मोरीवर गाडी उसळली आणि माझ्या कमरेत उसण भरली. तिथून चाकणपर्यंतचा रस्ता मी दात आवळून काढला. वाडीत पोचलो तेव्हा मला गाडीतून उतरता येईना. मामांनी आणि त्यांच्या गड्याने मला धरून बाहेर काढलं.

गाडी तिथेच ठेवावी लागली. संध्याकाळी मामांनी बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्या पसरल्या, त्यांवर गोधडी टाकली आणि मला चाकणच्या डॉक्टरांकडे न्यायला आडवं घातलं. कासरा हातात घेऊन त्यांनी मागे वळून पाहिलं.

"कडक हाकू का मऊ, जावईबापू?"

"मऊ," मी म्हणालो.

बायको माझ्या उशाशी बसली होती. ती हसली नाही. माझी टोपी काढून तिने मांडीवर ठेवली आणि वाटेत खड्डा दिसला की मला आधीच सांगत राहिली.

कंबर सरळ व्हायला बरेच दिवस लागले. त्यानंतर मूठ डावीकडेच राहिली आणि बायकोला गाडी लागायची थांबली. मग माझी बदली झाली आणि गाडी विकायला काढली. बघायला आलेला तरुण शौकीन होता. मी त्याला चकत्या दाखवल्या, तार दाखवली, मऊ आणि कडक यांतला फरक समजावला. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"यातलं चांगलं कुठलं?" त्याने विचारलं.

"मोकळ्या रस्त्याला कडकच," मी म्हणालो. "त्याची मजा वेगळी."