विज्ञान साहित्य, एक नग

तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, एक खोली होती. दारावर पाटी होती: विज्ञान साहित्य कक्ष. आत काचेच्या नळ्या, भिंगं, तराजू, लोहचुंबक आणि कोपऱ्यात टांगलेला माणसाचा सांगाडा. या सगळ्यांचा भांडारपाल एकतीस वर्षं तिथे तीन पायांच्या स्टुलावर बसून होता. महाविद्यालयात त्याला सगळे नग म्हणत.

हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. सगळं नगात मोजायची त्याला सवय. दवाखान्यात नर्सने बाहेर येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं, तेव्हा हा म्हणाला, "किती नग?" ही गोष्ट त्याच्या साडूने कार्यालयात सांगितली. झालं. आधी लोक "काय नग आहे" म्हणायचे, मग नुसतं नग. त्याला राग नव्हता. नग मोजता येतो. माणूस म्हटलं की पंचाईत.

साडू त्याच महाविद्यालयात आवक-जावक विभागाचा प्रमुख होता. जगातली कुठलीही गोष्ट कशी करावी हे त्याला ठाऊक होतं आणि ते तो सांगत असे. पाकीट कसं चिकटवावं, छत्री कशी झटकावी, खुर्चीत कसं बसावं. "साडूबुवा, पाठ सरळ," असं तो नगाला कौटुंबिक फोटोतही म्हणाला होता. फोटोत नगाची पाठ सरळ आहे आणि चेहरा पडलेला.

त्या वर्षी नव्या प्रयोगशाळांना स्वतःची कपाटं आली. नगाच्या खोलीकडे कुणी फिरकेना. मग पत्र आलं. वर्षभरात खोलीतून एकही वस्तू बाहेर गेलेली नाही. महिनाअखेर तपासनीस येतील. खोली वापरात नसेल तर बंद होईल आणि भांडारपालाची बदली आवक-जावक विभागात होईल.

निवृत्तीला चार वर्षं होती. म्हणजे साडूच्या समोरच्या टेबलावर चार वर्षं.

"भाऊजी काय खाणार आहेत का तुम्हाला?" बायको म्हणाली.

"खाणार नाहीत. कसं खायचं ते सांगतील."

बायको हसली. तो हसला नाही.

याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात एक मुलगी लागली होती. साहित्याची पदवी ताजी होती आणि उत्साहही. तिने लेखकांशी गप्पांचा कार्यक्रम ठरवला. विषय, विज्ञान आणि साहित्य कुठे भेटतात. महिनाभर, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, तीन वाजता. सभागृहाचं छत उखडलेलं होतं, म्हणून निमंत्रणात जागा कोरी ठेवून तिने ती पाठवणीसाठी आवक-जावक विभागाकडे दिली. साडूला कोरी जागा सहन होत नसे. त्याने विषय वाचला. विज्ञान, साहित्य. इमारतीत अशी एकच खोली होती. त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: विज्ञान साहित्य कक्ष, तळमजला.

पहिल्या मंगळवारी तीनला कादंबरीकार दारात उभे राहिले. जाड चष्मा, खांद्याला पिशवी.

"विज्ञान साहित्य इथेच ना?"

नग ताडकन उठला. वर्षभरात पहिलं गिऱ्हाईक. "इथेच. या. काय घेणार?"

कादंबरीकार आत आले. "हा प्रश्न मला सगळेच विचारतात. लेखक विज्ञानाकडून काय घेतो?"

"मीही तेच विचारतोय. काय घेता?"

"सांगणं अवघड आहे हो."

"अवघड कसलं? फळ्या बघा, नंबर लिहिलेत."

तेवढ्यात ग्रंथालयातली मुलगी सात श्रोत्यांना घेऊन धापा टाकत आली. ती चुकीबद्दल माफी मागणार होती. पण श्रोते खोक्यांवर बसले आणि त्यांनी वह्याही काढल्या. कादंबरीकार फळ्यांसमोर उभे होते. त्यांनी एकेक नंबर वाचला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "भिंग."

"एक नग," नग म्हणाला आणि देवघेव वही उघडली. "परत कधी?"

"कादंबरी पूर्ण झाली की."

नगाने तसंच लिहिलं. श्रोत्यांनीही लिहिलं. एकाने टाळी वाजवली. मुलगी तोंड उघडं टाकून उभीच.

शुक्रवारी कवयित्री आल्या. त्यांचं लक्ष तराजूकडे गेलं.

"हा रिकामा असताना कुणाकडे झुकतो?"

"उजवीकडे. जुना आहे. डाव्या पारड्याला कागदाचा कपटा चिकटवलाय, म्हणून सरळ दिसतो."

"कोरा कागद?"

"कोराच लागतो. लिहिलेला चालत नाही."

"का?"

"लिहिलेला जड असतो," नग म्हणाला. "शाईचं वजन असतं ना, बाई."

कवयित्रींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हणाल्या, "हा मी नेते."

बातमी पसरली. लेखक स्वतःहून येऊ लागले, वारही पाळेनात. विज्ञानकथा लिहिणारे एक गृहस्थ लोहचुंबकं घेऊन गेले. त्यांना कथेत ओढ आणायची होती. नाटककाराने सांगाडा मागितला. "कथेला सांगाडा हवाच," तो म्हणाला. "आपल्याकडे एकच नग आहे, जपा," नग म्हणाला. दोघांनी मिळून सांगाडा टॅक्सीत मागच्या सीटवर बसवला आणि त्याला पट्टा लावला. चालकाने आरशात पाहिलं आणि विचारलं, "दोघं एकाच ठिकाणी उतरणार?"

समीक्षक आले ते हात मागे बांधून. "मी काही घेत नाही. मी फक्त पाहतो."

"तसं चालत नाही. आत आलेल्या माणसाने काहीतरी न्यायला हवं."

समीक्षकांनी खूप विचार केला आणि एक बूच नेलं. परत कधी, या रकान्यात सांगितलं, "समजल्यावर."

मुलगी रोज खाली येऊन बसे. चार वर्षं शिकलेलं सगळं तिला तिथे कुणीतरी वेगळ्याच भाषेत विचारत होतं, आणि उत्तरासाठी रकाना एवढासा होता.

महिना संपला. तपासणीच्या आदल्या दुपारी नग फळ्या पुसायला उठला आणि थबकला. पुसायला काही आडवं येत नव्हतं. सगळ्या फळ्या मोकळ्या होत्या. खोली वापरात आहे हे दाखवता दाखवता त्याने खोलीच देऊन टाकली होती.

"मागितलं म्हणून द्यायचं का सगळं?" घरी बायको म्हणाली.

"माझं कामच ते."

त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी तपासनीस आले. सोबत साडू. त्याच्या हातात बदलीचा कागद होता, पाकीट नीट चिकटवलेलं. तपासनीसांनी खोलीवर नजर फिरवली.

"रिकामीच आहे. छान. आपलं काम वाचलं. कुलूप लावा."

"बसताना खिडकीकडे पाठ करा हं, साडूबुवा," साडू म्हणाला. "कागद उडत नाहीत."

नगाने देवघेव वही पुढे केली. तपासनीसांनी पहिलं पान उघडलं. त्यावर छापलेला नियम त्यांनी मोठ्याने वाचला. "दिलेलं सर्व साहित्य परत येईपर्यंत कक्ष बंद करू नये व भांडारपालाची बदली करू नये." पुढची पानं उलटली. कपाळावर आठ्या आल्या.

"कादंबरी पूर्ण झाल्यावर म्हणजे कधी?"

मुलगी दारातून म्हणाली, "मागच्या कादंबरीला अकरा वर्षं लागली होती, सर."

"आणि हे, शेवटची ओळ सापडल्यावर?"

"त्याचं काही सांगता येत नाही."

तपासनीसांनी वही मिटली आणि साडूकडे पाहिलं. "पत्रं पाठवा. सगळं परत मागवा. तोवर हे इथेच."

साडूने त्याच दिवशी बासष्ट पत्रं पाठवली. नगाची झोप उडाली. एका तरी लेखकाने वेळेवर काम केलं तर हळूहळू सगळेच करतील, अशी त्याला धास्ती.

वस्तू काही आल्या नाहीत. उत्तरं आली. लांबलचक, मुदत मागणारी. नाटककाराने कळवलं की सांगाड्याला दुसऱ्या अंकात संवाद मिळाला आहे, आता काढणं शक्य नाही. कवयित्रींनी तराजूवरचा तो कपटा काढून पाठवला. त्यावर कवितेची पहिली ओळ होती. सोबत चिठ्ठी: आता हा डाव्या पारड्यात चालणार नाही, दुसरा कोरा पाठवावा.

प्रत्येक पत्र साडूला उघडून, वाचून नोंदवावं लागे. दोन महिने तो वाचत होता.

एका दुपारी तीनला तो दारात येऊन उभा राहिला. आत येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा, काय करावं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काही शिल्लक आहे का, साडूबुवा?"

"कशासाठी?"

साडूने मागे वळून पाहिलं. "थोडं लिहितो मी. कुणाला बोलू नका."

नगाने रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं. मग उठला, बुडाखालचं स्टूल उचललं, उलटं केलं. तळाला नंबर होता. त्याने वही उघडली.

"स्टूल, एक नग. सही करा. परत कधी?"

साडूने सही केली. मग पेन रकान्यावर टेकवून डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं.

"चार वर्षं तरी लागतील," तो म्हणाला.

"सावकाश होऊ द्या," नग उभ्यानेच म्हणाला. "आणि लिहिताना पाठ सरळ."