मावशींचं भेदरं

“टमाटर बाजारात भेटते भाऊ, भेदरं घरीच रायते,” असं म्हणून शेजारच्या मावशी माझ्या दुकानातलं बियाण्याचं पाकीट मला परत द्यायच्या.

आमच्याकडे जुनी माणसं टोमॅटोला भेदरंच म्हणतात. मावशींच्या लेखी मात्र ती दोन वेगळी फळं होती. टमाटर म्हणजे माझ्या पाकिटातलं, जाड सालीचं, आठवडाभर टिकणारं. भेदरं म्हणजे त्यांच्या गावचं, चपटं, पातळ सालीचं, चांगलं आंबट. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा पदराच्या गाठीला बिया बांधून त्या या वसाहतीत आल्या होत्या.

ज्यांना काही विकणं अशक्य, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तरी मी दरवर्षी हट्टाने नव्या जातीचं एक रोप द्यायचो. त्या ते लावायच्याही, न्हाणीजवळ. फळ पिकलं की चावा घ्यायच्या. “दिसाले नवरदेव, चवीले पानी!” म्हणायच्या आणि उरलेलं गायीपुढे टाकायच्या. गल्लीभर माझ्या धंद्याची शोभा व्हायची. मला ते आवडायचंही.

यंदा घरातलं होतं नव्हतं ते गावचं बियाणं, त्यांच्या शब्दांत बिजाई, त्यांनी पेरलं आणि मर रोगाने रोपं गेली. एकच तगलं, तेही फळं धरून सुकायला लागलेलं. त्याचं एकही फळ मावशींनी तोंडात घातलं नाही. मी गमतीने मागितलं तर हातावर चापट बसली.

“काहून घाई करून राहिला? बिजाई होऊ दे. अर्धी तुलेच देईन. गावचं एवढंच तं उरलं आता.”

चारच दिवसांनी सकाळी अंगण झाडता झाडता त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. मला अजून खरं वाटत नाही. धडधाकट बाई, आदल्या दिवशी माझी टिंगल करत होत्या.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून घाटावरून परतल्यावर गल्लीतल्या बायकांनी जेवण आणलं. भात, वरण, चटणी. चटणीचा पहिला घास तोंडात गेला आणि भेदऱ्याची आंबट चव ओळखू आली. तसाच उठून परसात गेलो. रोपावर नुसते देठ होते.

“कोणी तोडली?” मी परत येऊन विचारलं.

“मीच तोडली जी,” वाढणारी गल्लीतली एक वहिनी म्हणाली. “पिकली होती, वाया काहून जाऊ द्यायची? निखाऱ्यावर भाजली नं वाटली.”

भाजलेली बी उगवत नाही. मी परत पानावर बसलो.

शेजारच्या पानावर मावशींचा मुलगा बसला होता. तो नोकरीच्या गावाहून धावत आला होता. चटणी चाखून त्याने मान वर केली.

“मायच्या हातचीच लागते,” तो म्हणाला. “अजून हाय काय जी?”

मी चटणीचं भांडं उचललं, बोटाने निपटलं आणि होती तेवढी त्याच्या पानात वाढली.