फळ्यावरचा कोन

“मग उरलेली वीज तुझ्या बापानं खाल्ली का रे?”

मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं. भोरच्या भातगिरणीत, चालत्या मोटारीपुढं. वायरमनच्या परवान्याचा आमचा वर्ग होता. मोटार किती शक्ती घेते, हे मला सांगायचं होतं. मी व्होल्ट वाचले, अँपिअर वाचले, गुणाकार केला. मास्तरांनी खरी शक्ती दाखवणाऱ्या वॅटमीटरकडं बोट केलं. काटा माझ्या उत्तराच्या बराच खाली होता.

“यांच्या डोक्यात शिरणार कसं? पिढ्यान्‌पिढ्या मेली गुरं ओढली.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मी मार्गासनीकडचा, महारवाड्यातला. गिरणीत कोंडा भरायचो. परवाना मिळाला तरच मोटारीला हात लावता येणार होता, नाहीतर जन्मभर कोंडा. मास्तरांनी मला वर्गात घेतलं होतं. घेतलं म्हणजे वर्गाच्या खोलीबाहेर ओसरीवर घेतलं. दाराबाहेर बसायचं आणि ऐकायचं. फळा दाराच्याच भिंतीला, आतल्या अंगानं. मला कधी दिसलाच नाही.

जे बोललं गेलं ते सगळं मला पाठ होतं. “व्होल्ट गुणिले अँपिअर,” मास्तर म्हणाले होते, “आणि मग हे.” ते ‘हे’ त्यांनी खडूनं काढलं होतं.

वर्गातल्या उत्रोलीच्या कुणब्यानं गिरणीमागं मातीत काडीनं फळ्यावरचा तो कोन काढून दाखवला. “व्होल्टचा दाब आन्‌ करंट संगं चढत न्हाईत गड्या. करंट मागं ऱ्हातो. कोन जेवढा मोठा, तेवढं काम कमी.”

लगेच कळलं. जात्यावर दोघी बसल्या आणि एकीचा हात मागं राहिला, की दमतात दोघी, पीठ मात्र कमी पडतं. मोटारीत काही वीज नुसती येते आणि परत जाते. तार उगीच तापते. एवढं साधं! आणि एवढ्यासाठी माझा बाप काढला. डोकं भणाणलं.

घरी सांगितलं. बा म्हणाला, “गप ऱ्हा. बसू देत्यात ह्येच लई हाय.”

बोललो तर मास्तर वर्गातून काढणार, परवाना गेला. गप्प बसलो तर अर्धंच शिकून नापास. इकडं आड, तिकडं विहीर.

पुढच्या वर्गाला मी उंबरा ओलांडला. बाकांपुढं, फळ्यासमोर जमिनीवर बसलो.

“तुझी जागा कुठं आहे?”

“फळा दिसतो तिथं, मास्तर.”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “हा उठेपर्यंत मी शिकवणार नाही.”

उत्रोलीच्या गड्यानं मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, “ऊठ की रं, आमचं कशापायी बुडवतूस?”

परवाना जाणार, मास्तरांच्या एका शब्दावर गिरणीतलं कामही जाणार, हे मला कळत होतं. भीती वाटत होतीच. पण भिंतीआडून कानावर पडेल तेवढंच शिकायचं, ते आता नको. वर्ग मोडायचा तर मास्तरांनी मोडावा.

मी उठणार नव्हतो.