आई घर सोडून जाते तो प्रवेश

पिवळ्या प्रकाशात उभी असलेली आई... अंगावर शेजारणीकडून आणलेलं जांभळं इरकल, हातात पत्र्याची पेटी, आणि चेहऱ्यावर पावडरीचा असा थर की ओळखीची प्रत्येक रेषा त्याखाली बुजलेली – माझ्या बालपणातलं सर्वांत जुनं स्पष्ट चित्र हेच.

आम्ही भोसरीत एका भाड्याच्या खोलीत राहायचो. लातूरकडून आलेले बाबा चाकणच्या एका कंपनीत कामाला होते. कंपनीच्या बसमधून ते उतरले की त्यांच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा उग्र दर्प असे, आणि पिशवीत चाकणच्या बाजारातले कांदे असले की तो दर्प थोडा गोडसर, घरगुती होऊन जाई. बाबांना नाटकाचं भारी वेड. कामगारांनी बसवलेल्या एका नाटकात ते नवऱ्याचं काम करत होते. बायकोचं काम करणारी बाई ऐन तालमींच्या दिवसांत आजारी पडली आणि दिग्दर्शक सावंतकाका – बाबांच्याच खात्यातले, मालवणकडचे फिटर – हवालदिल झाले, तेव्हा बाबांनीच आईचं नाव सुचवलं. तेव्हा बाबांची दुपारपाळी होती; मी सकाळी बालवाडीत गेले की दोघांची घरी तालीम चाले, त्यामुळे नाटकाची गोष्ट काय, हे मला ठाऊकच नव्हतं.

शेवटी शेवटी नवऱ्याला विटलेली ती बाई पेटी उचलून घर सोडते. मला दिसलं ते एवढंच, की आई बाबांना सोडून चालली आहे. त्या काळोख्या सभागृहात मी खुर्चीवर उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "आई, जाऊ नको."

आई दाराशी थबकली. तिने पेटी खाली ठेवली, माझ्या दिशेने पाहिलं, आणि नाटकातली पुस्तकी भाषा सोडून म्हणाली, "येते की गं लगीच. तू जेवून घे तवर."

संहितेप्रमाणे ज्यांनी पाठ फिरवून बसायचं होतं, ते बाबा तिच्याकडे वळले. हळूच म्हणाले, "जा तू. मी वाढतो तिला."

लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. मी मात्र निर्धास्त होऊन खाली बसले – आई परत येणार होती, बाबा वाढणार होते. पडदा पडल्यावर सावंतकाका रागावतील या भीतीने आई अवघडून उभी होती. ते जवळ येऊन म्हणाले, "वैनी, ह्यां असांच ऱ्हवांदे." पुढच्या प्रयोगाला मला मुद्दाम त्याच खुर्चीवर बसवलं, पण आता सारं ठाऊक असल्यामुळे मला हसूच फुटलं...

पुढे मी नाटकं लिहिली, बसवली, चित्रपटांच्या पटकथा केल्या. एखादा प्रवेश घोटून घोटून निर्जीव झाला की मी नटांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलून पाहायला सांगते, आणि बहुधा कुठेतरी वाट सापडते.

बाबा आता नाहीत. आई माझ्याजवळ मोशीला असते, सुखात असते. माझं नवं नाटक लिहून झालं की दुपारच्या निवांत उन्हात खिडकीशी बसून ती ते मोठ्याने वाचते – फक्त बायकांची वाक्यं. पुरुषाचं वाक्य आलं की ती गप्प होते, समोरून कुणी बोलावं तेवढा वेळ थांबते... आणि मग, ऐकून घेतल्यासारखी मान हलवून, आपलं वाक्य घेते.