बिजौलीत बरफाच्या फळ्या

माझी शाळा चौथीपर्यंत. पण लाकडाबद्दल मला कुणी शिकवायचं नाही. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे झाशीला आले ते तोफांचे गाडे बांधायला, आणि मी सगळा जन्म टांगे, पाळणे, दारं-खिडक्या करण्यात घालवला. तरी त्या रविवारी माझ्या मुलीचे सासरे माझ्याच घरात बसून मला लाकूड शिकवायला निघाले.

झालं असं. आम्हा दोघांची नात नॉर्वेत शिकते. तिनं तिथला एक जुना सिनेमा पाठवला, काळा-पांढरा. लढाईच्या दिवसांत, परक्यांची फौज देशात बसलेली असताना बनवलेला. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या गोष्टी सांगतात असा कुणी वीर, पायांना दोन लांब फळ्या बांधून बरफाचा डोंगर उतरतो आणि गाव वाचवतो. दतिया गेटच्या आमच्या घरी टीव्हीवर लावला होता. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. व्याही कचेरीतले बाबू होते, ते वाचून सांगत होते. मी अक्षरांकडे बघतच नव्हतो. मी फळ्या बघत होतो. टोकाला नागाच्या फण्यासारख्या वर वळलेल्या. सगळी कारागिरी त्या वळणात.

"सब ट्रिक आहे," व्याही म्हणाले. "एवढ्या पातळ फळीवर माणूस डोंगर उतरेल? कटकन मोडेल."

"किल्ल्यावरून राणीचा घोडा उडाला ती जागा तुम्ही पाहुण्यांना हौसेनं दाखवता. तेव्हा ट्रिक आठवत नाही?"

"ते आपलं आहे."

"मग हे त्यांचं. फळी मी करून दाखवतो. माणसाखाली मोडली तर पुन्हा रंधा हातात धरणार नाही."

बायको चहा ठेवत म्हणाली, "झालं. आता महिनाभर घरात भुसा."

बोलून गेलो, पण रात्री जेवण गोड लागलं नाही. रंधा सोडला तर सकाळी उठून मी करणार काय?

पहिली जोडी फणा वळवतानाच चिरली. कुणाला सांगितलं नाही, गुपचूप बंबात घातली. "आज पाणी लवकर तापलं," एवढंच बायको म्हणाली. दुसरी शिसवाची केली. टांग्याचे दांडे वाकवायचो तशी ओल्या पोत्यात गुंडाळून वाफ दिली, दगडाखाली दाबून ठेवली. वर पाय बांधायचे पट्टे ठोकले, खालून मेण घासलं.

"फळ्यांना मेण लावलंत, गुडघ्यांना काय लावणार?" बायकोनं विचारलं.

झाशीत बरफ मिळतो तो सरबताच्या गाडीवर. म्हणून व्याह्यांच्या स्कूटरवरून बिजौलीच्या पुढे गेलो. तिथे गिट्टी म्हणजे खडी फोडतात, आणि दगडाच्या पांढऱ्या भुकटीचे ढीग पडलेले असतात. तिथल्या मुनशीनं हात जोडले, "दादाजी, लग जाएगी." मी ऐकलं नाही. ढिगावर चढलो आणि वर पोचल्यावर गुडघे असे लटपटायला लागले की पट्टासुद्धा बांधता येईना.

व्याही खालून बघत होते. मग धापा टाकत वर आले. "उतरा. मी माझा शब्द मागे घेतो."

"फळी चालल्याशिवाय कसा घ्याल? दयेचा रंधा मला नको."

 त्यांनी चपला काढल्या. "द्या इकडे. मोडली तर रंधा माझ्या घरी जमा."

त्यांचं वजन माझ्या दुप्पट. मी स्वतः पट्टे बांधले, चष्मा माझ्या खिशात ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि सुटले. दहा-बारा हात सरळ गेले, अगदी त्या सिनेमातल्यासारखे, मग जे बसले ते ढिगाच्या पायथ्यापर्यंत बसूनच गेले. मिशांपर्यंत पांढरे. मी धावलो तो फळ्यांकडे, हे कबूल करतो. फणे उलटेसुलटे करून पाहिले. कुठे चीर नव्हती.

"फळी चांगली आहे," व्याही खोकत म्हणाले. "सिनेमा मात्र ट्रिकच."

आता बडा बाजारात ते हा किस्सा सांगतात. आधी सांगताना ढीग दोन पुरुष उंच होता. दिवाळीला तो चार पुरुष झाला. परवा फोनवर नातीला सांगत होते की वाटेत कुत्रं आडवं आलं, ते त्याच्यावरून उडी मारून गेले. मी शेजारीच बसलो होतो. कुत्रं नव्हतं. पण फळ्या माझ्या आहेत, म्हणून मी नुसता रंधा मारत राहिलो.