मामींचा उजवा हात

जगात खरं बोलणारी माणसं थोडीफार सापडतात, पण कुणी न विचारता खरं बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आईचा भाऊ निघाला. कोल्हारच्या या आमच्या मामांना वेळ विचारली, तर घड्याळ किती पुढे आहे आणि ते कुणी बिघडवलं, हेही ऐकून घ्यावं लागतं. माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांचा चहा संपायच्या आत त्यांनी "पोरगं चांगलं हाय, पण घोरतं लई" असं सांगून टाकलं होतं. घोडेगावच्या बाजारात शेजाऱ्याच्या गाईचा सौदा जमला होता, गिऱ्हाइकानं दावं हातात घेतलं होतं, तेवढ्यात मामा मायेनं म्हणाले, "धार काढताना लाथ मारती बरं का. पन मनानं चांगली हाय." ती गाय संध्याकाळी आल्या टेम्पोनंच परत आली. या तोंडाला लगाम एकच, मामींचा चिमटा. चारचौघांत मामी कायम मामांच्या डाव्या अंगाला बसत. मामांनी "खरं सांगू का" म्हटलं, की पदराआडून त्यांचा उजवा हात निघे आणि मामांच्या दंडाला असा काही बसे की पुढचं घशातच राही. तेवढ्या एका हातावर मामांचा गावाशी सलोखा टिकून होता.

आणि पॅरालिसिसच्या झटक्यानं मामींचा नेमका तोच हात गेला. नगरच्या एका आयुर्वेदिक दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आत्ताच रोज तेलाचं मालीश आणि व्यायाम झाला तर हात परत येईल, उशीर केला तर सांगता येत नाही. दोघांची विमा पॉलिसी मीच काढली होती. पण घरच्या मालिशला कंपनी पैसे देत नाही. पेशंट भरती हवा, रात्रंदिवस दवाखान्यातच हवा. म्हणून मामींना भरती केलं. एक बाई सकाळ-संध्याकाळ तेल लावायला येई आणि मामा स्टूल पुढे ओढून तिच्या हातांकडे टक लावून बसत. मधेच घरची गाय व्यायली. मामींनी घरासाठी असं रडणं काढलं की डॉक्टरांना विचारून मामांनी त्यांना एका रात्रीपुरतं कोल्हारला नेऊन आणलं. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, कंपनीचा माणूस चौकशीला येतोय. ती रात्र त्याला कळली असती तर क्लेम बुडाला असता, आणि उपचार पदरच्या पैशानं चालवायची आमची ऐपत नव्हती.

मी मामांना व्हरांड्यात घेऊन गेलो. "मामा, तो विचारील तेवढंच बोलायचं. रात्रीचं आपण होऊन काढायचं नाही."

"अन् त्यानं इचारलं तर?"

"तर मी बोलेन."

मामांनी मान हलवली. तेव्हापासून ते पाणी प्यायलासुद्धा तोंड उघडेनात.

कंपनीचा माणूस तरुण होता, नम्र होता. मामी पलंगावर, मामा त्यांच्या उजव्या हाताशी. औषधं कोणती, मालीश किती वेळा, झटका कधी आला, एकेक प्रश्न येत होता आणि मामा एकेका शब्दात उत्तर देत होते. मामांच्या गळ्याची घाटी सारखी खालीवर होत होती. शेवटी त्यानं पेन बंद केलं, "काळजी घ्या आजी" म्हणाला आणि उठला. दारापर्यंत पोचलाही.

"साहेब," मामा म्हणाले, "खरं सांगू का."

मी मामींकडे पाहिलं. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. मामांचा दंड शेजारीच होता. मामींच्या मानेच्या शिरा ताणल्या, ओठ घट्ट मिटले, पण हात चादरीवर होता तसाच पडून राहिला.

"एक रात आमी घरी गेल्तो. गाय व्याली हुती."

ऐकलं नसतं तर बरं, असं त्या माणसालाही वाटलं असावं. मग परत बसला आणि लिहू लागला.

क्लेम नामंजूर झाला. मामींना गाडीनं घरी घेऊन निघालो. कोल्हारच्या अलीकडे मामा आपणच म्हणाले, "त्यो सही करनार हुता. उद्या त्याच्या नोकरीवर आलं असतं म्हंजी?" माझा राग तसूभर कमी झाला नाही.

मग मामा स्वतः मालीश करू लागले. त्या बाईचं पाहिलं होतं तसं, धार काढून झाली की हात धुऊन, तेल कोमट करून, रोज दोन्ही वेळेला. मी रविवारी जायचो. हात तसाच असायचा. परत निघताना दर वेळी मला डॉक्टरांचे शब्द आठवायचे.

गेल्या रविवारी त्या रात्री व्यायलेल्या घरच्या गाईला गिऱ्हाईक आलं. ओसरीवर मामा मामींचा हात मांडीवर घेऊन तेल लावत बसले होते. गाय पसंत पडली. गिऱ्हाइकानं दाव्याला हात घातला.

"खरं सांगू का," मामा म्हणाले, आणि थांबले.

ते खाली बघत होते. मामींच्या अंगठ्यात आणि बोटात मामांच्या मनगटाची कातडी धरलेली होती. गिऱ्हाईक वाट बघत उभं राहिलं. मामांचे डोळे भरून आले, तेलाच्या हातांनी ते पुसताही येईनात. बराच वेळ ते हलले नाहीत, ती बोटं सुटतील म्हणून.

मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "पयल्यावानी जोर न्हाई अजून."