जिजीचं पुढचं वाक्य

भास्करनाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळसाडीला एका लग्नाच्या मांडवात शिडीवर उभा होतो. एका हातात झालर, तोंडात दोन खिळे, आणि खाली नवरदेवाचा मामा झालर थोडी डावीकडे घ्या, थोडी उजवीकडे घ्या, असं एखाद्या सेनापतीच्या थाटात सांगत होता. फोन शांताभाबींचा, म्हणजे नानांच्या बायकोचा. "भाऊ, तुमना नाना गया," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी जेवून आडवे झाले होते, चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. मी शिडीच्या पायरीवरच बसलो. इतकी वर्षं शहाद्यात मंडपाचा धंदा करतोय, शिडीवर बसायची वेळ कधी आली नव्हती. मामा म्हणाला, "काय व्हयनं हो?" मी खिळे काढून त्याच्या हातात दिले आणि आमच्या गावाच्या, ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला लागलो.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. मला बोलायला कधी कमी पडत नाही, हे आमच्या तालुक्यात लहान पोरसुद्धा सांगेल. मंडप बांधून झाला की मीच माईक हातात घेतो, अहिराणीत सासू होतो, सून होतो, रुसलेला जावई होतो, आणि वऱ्हाड पोट धरून हसतं. पण नानांबद्दल लिहायला बसलो की दोन ओळींनंतर हात थांबतो. कारण नानांबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं… आणि ते काही फार शोभेचं नाही.

नाना माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे, आमच्या गल्लीतले. धडगावच्या सरकारी कचेरीत कारकून होते. सोमवारी पहाटे निघून शहाद्याहून जीपमध्ये कोंबून घेऊन घाट चढायचे, शनिवारी संध्याकाळी उतरायचे. मधले पाच दिवस, कचेरी सुटली की कादंबरी लिहायचे. कागद म्हणजे जुनी कोरी रजिस्टरं, आणि भाषा म्हणजे… आता काय सांगू! आम्ही घरात अहिराणी बोलणारी माणसं. पुस्तकी मराठी आम्हाला आधी शाळेत भेटली आणि मग कचेरीत, त्यामुळे नानांची नायिका रडायची तीसुद्धा टपालात नोंद झाल्यासारखी. "सदर महिलेच्या नेत्रांतून अश्रूंची आवक सुरू झाली," हे वाक्य त्यांनी मला पारावर वाचून दाखवलं तेव्हा मी उठून त्यांना सलाम ठोकला आणि म्हणालो, "साहेब, जावक क्रमांक टाकना राह्यना!" नानाही हसले. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

कादंबरी त्यांच्या मोठ्या बहिणीची होती, जिजीची. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. वडील वारल्यावर आमच्याकडे रीत अशी, की बहिणींनी कचेरीत येऊन जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडायचा. त्याला हक्कसोड म्हणतात. भाऊ साडी नेसवतो, हॉटेलात चहा पाजतो, बहीण सही करून सासरी निघून जाते. जिजीनेही नानांच्या नावे केली. ती भारी बोलकी बाई, विहिरीवर उभी राहिली की चार गल्ल्यांना ऐकू जायची, पण त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. नंतर माहेरी येणं कमी झालं आणि काही वर्षांनी ती गेलीच. नानांच्या कादंबरीत हा प्रसंग एका ओळीत होता: "भगिनीने आपला हक्क स्वखुशीने सोडला." त्या 'स्वखुशीने'भोवती हा माणूस वीस वर्षं फिरत होता, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्त होऊन नाना गावी आले आणि त्यांच्या लेकीने, विद्याने, पुण्याहून त्यांना एका ऑनलाइन मंडळात घातलं. गावोगावचे लिहिणारे आठ-दहा जण, दर गुरुवारी दुपारी चार वाजता लॅपटॉपवर भेटायचे. पहिल्या दिवशी तंत्रज्ञ म्हणून मला बोलावणं आलं, कारण माईक आणि वायरी हा माझा प्रांत. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून बसले होते. पडद्यावर फक्त गंध दिसत होतं. "नाव सांगा" म्हटल्यावर ते साहेब आल्यासारखे उभे राहिले, तेव्हा मंडळाला त्यांच्या शर्टाची बटणं दिसली. मी खाटेवर लोळून हसत होतो. पण कोणी हसलं नाही. त्या मंडळाची एक पद्धत होती. वाचून झालं की छान, सुंदर, अप्रतिम म्हणायला बंदी. ऐकताना आपल्याला काय दिसलं, तेवढंच प्रत्येकाने सांगायचं.

नानांनी हक्कसोडीचं प्रकरण वाचलं. मग मंडळ चालवणाऱ्या नीलाताई, कोल्हापूरच्या निवृत्त परिचारिका, सावकाश म्हणाल्या, "नाना, मला कचेरी दिसली. टेबल दिसलं, शाईचं पॅड दिसलं. बाई नाही दिसली. ती घरी कशी बोलायची हो?" नानांनी रजिस्टर मिटलं, पडद्याकडे पाहिलं, आणि एकदम जिजीसारखे बोलायला लागले. "अरे भास्कर, भाकर खाई ले ना, का तुन्ही पाटी येई जेवाडाले?" असलंच काहीतरी, शाळेची पाटी सोडून जेवायला न उठणाऱ्या भावाला म्हटलेलं, अगदी साधं, भाकरीबद्दलचं. पलीकडून कुणी म्हणालं, "सगळं नाही कळलं. पण परत म्हणा ना…" नानांनी परत म्हटलं. मी हसायचा थांबलो होतो, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

त्या दिवसापासून नाना कादंबरी अहिराणीत पुन्हा लिहू लागले. साठीनंतरचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा गुरुवारची वाट बघायचा. मंडळी अडलेले शब्द विचारायची, नाना अर्थ सांगायचे, अर्थ सांगताना दुसरीच आठवण निघायची आणि ती पुढच्या गुरुवारी प्रकरणात यायची. नागपूरच्या एका मास्तरांनी तर वहीत अहिराणी शब्दांची यादीच सुरू केली होती. एका संध्याकाळी नाना स्वतः शहाद्याला माझ्या गोडाऊनवर आले, धापा टाकत. "वसंता, जिजी बोलनी रे! कचेरीमा बोलनी!" जुन्या प्रकरणात गप्प राहिलेली बाई नव्या लिहिण्यात आपली आपणच तोंड उघडत होती. ते सतरंज्यांच्या ढिगावर बसले आणि वाचू लागले. भाऊ समोर उभा, कारकुनाने बोट ठेवून जागा दाखवलेली, लेखणी जिजीच्या हातात. आणि ती म्हणते, "थांब भाऊ. सही करस मी. पन पहिले मन्हं एक आयकी ले…"

आणि मी हसलो.

का हसलो ते आज सांगता येतं. त्याच दुपारी एका लग्नात मी रुसलेली सून करून टाळ्या घेऊन आलो होतो, ती सूनही "थांबा, मन्हं आयका" अशीच सुरू व्हायची. माझ्या कानाला अहिराणीत बोलणारी बाई म्हणजे हशा, एवढंच वळण पडलं होतं. पण हसून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे शहाणपण पाजळलं. म्हणालो, "नाना, अहिराणीमा लोके हासतस, रडतस नही. चांगली मराठीमा लिखेल शे, तीच छापा." खरं सांगायचं तर थोडं पोटातही दुखलं होतं. तालुक्यात अहिराणी म्हटली की माझं नाव, आणि हा कालचा कारकून कोल्हापूर-नागपूरला ती ऐकवत सुटलेला! नानांनी माझ्याकडे बघितलं. "आसं म्हनस?" एवढंच म्हणाले. चहा घेतला, एसटीने गेले.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. मंडळात जायचे, दुसऱ्यांचं ऐकायचे, स्वतःची पाळी आली की घसा बसलाय म्हणायचे. नीलाताईंनी विद्याला फोन करून विचारलं, विद्याने मला विचारलं, आणि मी म्हणालो, अगं वय झालं, दुसरं काय! दोन महिने हा घसा बसलेला राहिला. मला रोज वाटायचं, एकदा ब्राह्मणपुरीला जाऊन यावं, म्हणावं, नाना, मी गंमत केली, लिहा. पण लग्नसराई होती…

तेराव्यानंतरच्या गुरुवारी विद्याने मला घरी बोलावलं. मंडळाला नानांचं शेवटचं लिखाण ऐकायचं होतं आणि अहिराणी वाचणार कोण, तर मी. हजार माणसांपुढे मी कधी डगमगत नाही, पण त्या आठ चेहऱ्यांपुढे पाणी मागितलं. वाचलं. कोणी हसलं नाही. नागपूरचे मास्तर चष्मा काढून बसले होते. मी "मन्हं एक आयकी ले" पर्यंत आलो आणि पुढचं पान उलटलं. कोरं. त्यापुढचं, तेही कोरं.

"मग?" नीलाताई म्हणाल्या. "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. गोडाऊन, सतरंज्या, माझं हसणं, माझं शहाणपण, सगळं. कोणी मला बोल लावला नाही. त्यांची पद्धतच तशी. नीलाताईंनी फक्त विचारलं, "तुम्ही जिजींना पाहिलं होतं ना? त्या कशा बोलायच्या, ते तरी ऐकवा."

पाहिलं होतं म्हणजे काय! तिच्या हातचं खाऊन वाढलो मी. विहिरीवरून ती मला हाक मारायची ती हाक आठवली, तिची उभं राहायची ढब आठवली, मी तोंड उघडलं… आणि बाहेर आला तो लग्नातल्या सुनेचा आवाज. तोच नाकातला, तोच लांबवलेला, टाळ्यांसाठी घासून गुळगुळीत केलेला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुन्हा तोच. वर्षानुवर्षं आमच्या गल्लीतल्या बायकांच्या नकला करत आलो होतो मी, आणि त्यातली एकही बाई आता माझ्याकडे उरली नव्हती.

दारात शांताभाबी उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. "भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "जिजी आशी नही बोले."

विद्याने हात लांब करून लॅपटॉप मिटला. खोलीत कोनाड्यातलं घड्याळ, खाटेखाली नीट ठेवलेल्या चपला, खिडकीवर वाळत घातलेला नानांचा पंचा. नानांची खुर्ची रिकामी आहे, असं म्हणायचीही सोय नव्हती. तिच्यावर मीच बसलो होतो.